शेकोटी, गोधडी आणि भट्टी नसलेलं घर

(आमच्या ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना निसटलेली सालं आणि आकडे इथे सापडतील.)

कानात इअरफोन आहेत, बाहेर थोडा गारठा आहे आणि अंगावर पांघरूण आहे? मग आजचा भाग तुमच्यासाठीच.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजने करतो. माझा एक मित्र इंग्लंडमध्ये शिकायला गेलाय. शंभरेक वर्षं जुन्या, विटांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहतो. जानेवारीत त्याचा मेसेज आला. "अरे, हीटर तासन् तास चालू आहे. बिल बघून घाम फुटतो, पण पाय मात्र बर्फ! ही ऊब जाते तरी कुठे?"

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. "मोजे घाल" वगैरे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शोधत गेलो तेव्हा कळलं, की "ऊब जाते कुठे" हा प्रश्न पावणेतीनशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञ भांडले, सरकारांनी कायदे केले, आणि चुकीच्या उत्तरांपायी माणसं मेलीसुद्धा. आज तीच गोष्ट.

तोंड भाजतं, पाठ गारठते

डिसेंबरात निफाडच्या बाजूला पहाटे शेकोटीपाशी बसला असाल, तर अर्धं विज्ञान तुम्हाला आधीच माहीत आहे. तोंड भाजतं आणि पाठ गारठते. थोडा वेळ पाठ फिरवून बसायचं, मग पुन्हा तोंड.

आता हीच शेकोटी घराच्या भिंतीत बसवा आणि वर धुरांडं उभारा. झाली युरोपातली फायरप्लेस. दिसायला सुंदर, सिनेमात तर फारच सुंदर. पण गंमत बघा. गरम हवा वर जाते, हे आपण शाळेत शिकलोय. धुरांड्यातून वर जाताना ती नुसता धूर नेत नाही, खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. मग ती रिकामी जागा भरायला दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून बाहेरची थंडगार हवा आत घुसते. आग जेवढी मोठी, तेवढा पाठीवरचा वारा जास्त! म्हणजे लाकूड तुमचं जळतं आणि तापतं आकाश.

लाकूड मुबलक होतं तोवर कुणी तक्रार केली नाही. मग लाकूड महाग झालं.

पेटंट नको म्हणणारा माणूस

अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, १७४४ साल. अमेरिका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. बेंजामिन फ्रँकलिन नावाचा एक छापखानावाला एक पुस्तिका काढतो. हो, तोच तो पतंगवाला आणि शंभर डॉलरच्या नोटेवरचा. पुस्तिकेचा विषय: घर तापवायची नवी लोखंडी शेगडी. त्यातला त्याचा मुद्दा आजही वर्तमानपत्रात छापता येईल. पूर्वी लाकूड दारात मिळायचं, आता काही गावांना ते शंभर मैलांवरून आणावं लागतं, आणि घरखर्चात त्याचाच मोठा वाटा जातो.

फ्रँकलिनची युक्ती अशी होती. धूर सरळ वर सोडायचा नाही. त्याला एका पोकळ लोखंडी पेटीवरून न्यायचा, मागे खाली उतरवायचा, आणि मग धुरांड्यात सोडायचा. पेटीतून बाहेरची ताजी हवा तापून खोलीत येणार. म्हणजे धूर जायच्या आधी त्याच्याकडून ऊब वसूल करायची!

गव्हर्नरने त्याला पेटंट देऊ केलं. तो नको म्हणाला. इतरांच्या शोधांचा फायदा आपण फुकट घेतो, मग आपला शोधही आनंदाने द्यावा, असं त्याचं म्हणणं. मन मोठं होतं, पण खरं सांगायचं तर शेगडीत अडचण होती. धूर खाली उतरायला तयारच नसायचा. शेगडी आणि धुरांडं नीट तापलेलं नसेल तर सगळा धूर खोलीत. लोकांनी पुढे तिच्यात बरेच बदल केले, आणि आज "फ्रँकलिन शेगडी" म्हणून जी ओळखली जाते ती बरीचशी त्या बदलांनंतरची आहे.

इकडे स्वीडनमध्येही लाकडाची ओढाताण सुरू होती. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांना कोळशासाठी जंगलं लागत होती, आणि हिवाळ्यात घरांनाही लाकूड हवंच. १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेदे या दोघांनी फरशांनी मढवलेली विटांची शेगडी नव्याने रचली. धूर आतल्या नागमोडी वाटांनी वर-खाली फिरत जातो आणि जाताजाता जाड विटांना ऊब देऊन जातो. लाकूड थोडाच वेळ जाळायचं, विटा मात्र कितीतरी तास ऊब सोडत राहतात. आपल्याकडे रात्री चुलीतल्या विस्तवाची राख सकाळपर्यंत कोमट असते ना, तोच प्रकार, पण अख्ख्या खोलीसाठी.

गोधडीचं गणित मांडणारा सरदार

आता या गोष्टीतला सगळ्यात वादग्रस्त माणूस. बेंजामिन थॉम्पसन, जन्म १७५३, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हा इंग्रजांच्या बाजूने. त्यांच्यासाठी हेरगिरी केली, बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून पळाला. पुढे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीला लागला आणि "काउंट रम्फर्ड" झाला.

म्यूनिकमध्ये त्याच्याकडे सैन्याचा कारभार होता. सैनिकांना गणवेश हवेत, ते उबदार हवेत आणि स्वस्तही हवेत. म्हणून त्याने कापड, लोकर, कापूस, पिसं यांवर प्रयोग सुरू केले. कशातून उष्णता किती वेगाने निसटते? उत्तर भन्नाट निघालं. ऊब धरून ठेवतो तो फक्त धागा नाही, धाग्यांमध्ये अडकलेली, जागची न हलणारी हवा! १७९२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला उष्णतेवरच्या कामासाठी कॉप्ले पदक दिलं.

हे वाचताना मला आजीची गोधडी आठवली. जुन्या लुगड्यांचे थरावर थर आणि त्यांवर बारीक धावदोरा. गोधडी स्वतः काही गरम नसते. कपाटातून काढली की गारच लागते. ती ऊब देत नाही, तुमची ऊब जाऊ देत नाही. रम्फर्डने जे पदकासाठी सिद्ध केलं, ते आपल्या आज्यांच्या हातात होतंच. फक्त त्यांनी त्यावर निबंध लिहिला नाही.

मग रम्फर्ड लंडनला आला आणि फायरप्लेसच्या मागे लागला. १७९६ मध्ये त्याचा निबंध आला. त्यातला उपाय इतका साधा की गवंडी एका दिवसात करेल. धुरांड्याचा घसा, जो इतका रुंद असायचा की त्यातून पोरगं वर चढावं, तो साधारण चार इंचांवर आणायचा. बाजूच्या भिंती तिरक्या करायच्या, म्हणजे आगीची धग खोलीत फेकली जाईल. बस्स. धूर कमी, ऊब जास्त. लंडनमध्ये त्याने शेकडो फायरप्लेस दुरुस्त करून घेतल्या. "रम्फर्ड" हा शब्द इतका रुळला, की जेन ऑस्टिनच्या "नॉर्दँगर अॅबी" या कादंबरीतही तो आलाय.

आता लक्षात घ्या. या एकाच माणसाच्या हातात दोन्ही गोष्टी होत्या. आग सुधारायची कशी, आणि ऊब अडवायची कशी. जगाने पहिली उचलली. दुसरी अंगरख्यापुरतीच राहिली. घराला गोधडी घालावी, हे गंभीरपणे मनावर घ्यायला आणखी पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

का? कारण कोळसा स्वस्त होता.

पाच दिवसांचा अंधार

५ डिसेंबर १९५२, लंडन. कडाक्याची थंडी, वारा अजिबात नाही. लाखो घरांमध्ये कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या. वर गरम हवेचं झाकण बसलं आणि धूर शहरातच कोंडला. त्यात कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर. ९ डिसेंबरपर्यंत, म्हणजे पाच दिवस, लंडनकरांना स्वतःचे पाय दिसेनात. बस बंद पडल्या.

सुरुवातीला अंदाज आला सुमारे ४,००० मृत्यूंचा. नंतरच्या अभ्यासकांनी तो सुमारे १२,००० पर्यंत नेला. जास्त करून म्हातारी माणसं, तान्ही बाळं, छातीचे रुग्ण. हे लोक कुठल्या युद्धात मेले नाहीत. घरं गरम ठेवण्याच्या नादात शहराचा श्वास कोंडला.

१९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूरमुक्त विभाग ठरले, शेगड्या बदलायला अनुदान मिळालं. पुढे उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि घरोघरी गॅसवर चालणारी हीटिंग यंत्रणा आली. धूर गेला, फार चांगलं झालं. पण बघा हं, इंधन बदललं, भिंती त्याच राहिल्या. फटी त्याच, एकेरी काचेची तावदानंही तीच. गळका हंडा तसाच ठेवून नळ तेवढा मोठा केला.

माझा मित्र राहतो ते घर याच पिढीतलं.

स्वेटर घातलेला राष्ट्राध्यक्ष

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. डेन्मार्कसारखा देश, ज्याची जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर चालायची, तिथे रविवारी गाड्या चालवायला बंदी आली.

फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर टीव्हीवर आले, ते सूट न घालता, लोकरीचा स्वेटर घालून. शेजारी आग पेटलेली. लोकांना म्हणाले, घरातलं तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ फॅरनहाइट ठेवा. म्हणजे साधारण १८ आणि १३ अंश सेल्सिअस. अनेकांनी खिल्ली उडवली. १९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छतावर सौर बंब बसवले. १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात, ते उतरवले गेले. तोपर्यंत तेल पुन्हा स्वस्त झालं होतं ना!

कार्टर लोकांना स्वेटर घालायला सांगत होते. त्याच वर्षी कॅनडात काही जण घरालाच स्वेटर घालत होते.

भट्टी नसलेलं घर

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतातलं रेजायना शहर. इथे हिवाळ्यात पारा कधी कधी उणे ४० पर्यंत उतरतो. तिथल्या सरकारने इंजिनिअरांना सांगितलं, आपल्या हवेला चालेल असं एक सौर घर बांधून दाखवा. या गटात हॅरोल्ड ऑर, रॉबर्ट बेझंट, रॉब ड्युमाँट अशी मंडळी होती. त्यांनी हिशेब मांडला आणि लक्षात आलं, की एवढ्या थंडीत सूर्याकडून ऊब गोळा करत बसण्यापेक्षा, आहे ती ऊब घट्ट धरून ठेवणं कितीतरी सोपं आहे.

१९७७ मध्ये "सस्कॅचवन कॉन्झर्व्हेशन हाउस" उभं राहिलं. भिंती सुमारे १२ इंच जाड, आत ऊबरोधक थर ठासून भरलेला. छताचा थर त्याहून जाड. भिंतींच्या आत प्लास्टिकचं सलग अस्तर, म्हणजे हवेला कुठे फटच नाही. आणि सस्कॅचवनमध्ये ज्याशिवाय घर ही कल्पनाच करता येत नाही, ती तळघरातली भट्टी? ती ठेवलीच नाही!

तुम्ही म्हणाल, इतकं बंद घर म्हणजे श्वास कोंडणार. बरोबर. म्हणून त्यांनी एक यंत्र बसवलं. आतली वापरलेली गरम हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी थंड हवा आत येते, आणि जाताना दोघी पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी एकमेकींना समांतर वाहतात. हवा मिसळत नाही, पण जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते. म्हणजे फ्रँकलिनची ती वसुली, पण धुराशिवाय.

घरात ऊब येणार कुठून? दक्षिणेच्या खिडक्यांतून येणारं ऊन, स्वयंपाक, दिवे, आणि माणसं! स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. दहा पाहुणे आले की एक किलोवॅटचा हीटर झाला. सौर पॅनेलही बसवलेली होती, पण त्यांची कटकटच जास्त झाली, ती पुढे काढून टाकली. भिंती मात्र राहिल्या.

याच मंडळींनी फटी मोजायची एक रीतही वापरली. दारात मोठा पंखा बसवायचा, घरातली हवा ओढायची आणि बघायचं की घर किती गळतंय. आज या चाचणीला ब्लोअर डोअर म्हणतात.

हजारो लोक ते घर बघून गेले, कौतुक करून गेले, आणि घरी जाऊन जुन्या पद्धतीनेच घर बांधत राहिले. कारण तेच, गॅस स्वस्त होता.

पण जर्मनीत कुणीतरी लक्ष देत होतं. वोल्फगांग फाइस्ट हा भौतिकशास्त्रज्ञ आणि स्वीडनचे प्राध्यापक बो अॅडमसन यांनी १९८८ मध्ये या सगळ्या अनुभवांतून एक पक्की कल्पना ठरवली. १९९१ मध्ये डार्मश्टाट शहरात चार घरांची एक ओळ राहायला तयार झाली. पहिलं "पॅसिव्ह हाउस". फाइस्ट स्वतः बायकामुलांसह तिथे राहायला गेला. आपल्या प्रयोगात स्वतः झोपणारा शास्त्रज्ञ मला फार आवडतो.

या घरांचा नियम असा, की घर तापवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये. हे किती? एक लिटर हीटिंग तेलात साधारण १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या घराला अख्ख्या जर्मन हिवाळ्यासाठी सुमारे १५० लिटर. दोन-तीन मोठ्या गाड्यांच्या टाक्यांएवढं.

घाई केली की

आता वाटेल, एवढं सोपं आहे तर घाला सगळ्या घरांना गोधडी. इथेच थांबायचं. कारण या इतिहासात आगीतून फुफाट्यात पडल्याची उदाहरणंही आहेत.

कॅनडातच १९७० च्या दशकात सरकारने ऊबरोधक थर बसवायला अनुदान दिलं. अनेकांनी भिंतींत एक फेस भरून घेतला, त्यातून फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटायचा. १९८० मध्ये त्यावर बंदी आली. ज्यांनी पैसे वाचवायला फेस भरला, त्यांना तो काढायला पदरमोड करावी लागली.

आणि लंडनचा ग्रेनफेल टॉवर. जुन्या इमारतीला बाहेरून नवं आवरण बसवलं. ऊब टिकावी आणि इमारत बरी दिसावी म्हणून. ते आवरण पेट घेणारं होतं. १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली आणि ७२ जण गेले. ऊब अडवणं ही कल्पना चुकीची नव्हती. स्वस्तातलं सामान आणि डोळेझाक, त्यांनी जीव घेतले.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. रेजायनाच्या त्या इंजिनिअरांनी फटी बुजवल्या, पण हवेची वाट आधी केली. हा क्रम विसरू नका. ट्रेकला तंबूत, गावाला पाहुण्यांच्या खोलीत, कुठेही.

लडाख आणि माळवद

लेहला बाइकवरून जाऊन आलेले बरेच जण हे ऐकत असतील. हिवाळ्यात तिथे पारा उणे १५-२० पर्यंत जातो आणि जाळायला झाडं नाहीत. पण ऊन भरपूर. तिथल्या अनेक घरांना दक्षिणेकडे काळी रंगवलेली जाड भिंत असते आणि तिच्यापुढे काच. दिवसा भिंत ऊन पिते, रात्री खोलीला देते. फ्रान्सच्या फेलिक्स त्रोंब यांच्यावरून तिला त्रोंब भिंत म्हणतात. फे गावातली सेकमॉल ही संस्था तर आपली मातीची शाळा उन्हावरच उबदार ठेवते.

आणि आपल्याकडे? सोलापूर, मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. हातभर जाड भिंती, वर मातीचा थर. हिवाळ्यात उबदार, आणि मे महिन्यात गार! तत्त्व एकच, फक्त आपल्याला ऊब आत नाही, बाहेर अडवायची असते. ती घरं पाडून आपण वर सिमेंटचा पातळ स्लॅब टाकला आणि एसी लावला. म्हणजे लंडनकरांनी केलं तेच. हंडा तोच गळका, नळ मोठा.

आता मित्राकडे परत येतो. हा सगळा इतिहास त्याला ऐकवला, तेव्हा तो म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण मी भाडेकरू. भिंत काय मी जाड करणार?" प्रश्न रास्त आहे. बिल भरतो भाडेकरू, आणि भिंत मालकाची. मालकाला खर्च करायची गरज वाटत नाही, भाडेकरूला तो करता येत नाही. कितीतरी देशांत हे घोडं इथेच पेंड खातंय, आणि रम्फर्डच्या निबंधात त्यावर उत्तर नाही.

मग आम्ही व्हिडिओ कॉलवर एक उद्योग केला. त्याच्या आईने सामानात उदबत्तीचा पुडा दिला होता. हीटर बंद केला, उदबत्ती लावली आणि तो ती खिडकीच्या कडेकडेने, दाराखालून, प्लगच्या खोक्यापाशी फिरवत गेला. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एकदम आडवा झाला! दाराखालीही तसाच. गरिबाचा ब्लोअर डोअर.

खिडकीला फोमची पट्टी, दाराशी गुंडाळलेली जुनी चादर, रात्री जाड पडदा. वर छताजवळचा हवेचा झरोका मात्र उघडाच ठेवायला सांगितलं. खोली काही डार्मश्टाट झाली नाही. पण परवा त्याचा मेसेज आला, "हीटर संध्याकाळी दोनच तास लावतो आता. आणि मालकाला उदबत्तीचा व्हिडिओ पाठवलाय."

मालकाने अजून उत्तर दिलेलं नाही. आलं की सांगेन.

तोवर तुमच्या घरी एक उदबत्ती लावून बघा, आणि धूर कुठे आडवा झाला ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.